शेवटचं प्रकरण शिल्लक ठेवून

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा सुतारकाम, सध्या आजारपणामुळे घरीच, राहणार स्वतः बसवलेल्या दाराच्या आत, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने, दडपणाने अगर गोडीगुलाबीने नव्हे तर माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी दोन्ही मूत्रपिंडे कामातून गेली आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखल्यावर सही करताना डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं डोकं थोडं कमी शाबूत असतं ना, तर माझं काम सोपं झालं असतं." हे वाक्य दाखल्यात नाही, म्हणून इथे लिहिले.

वकिलांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागा फार आखूड निघाल्या. एका बोटाच्या जागेत माणसाने भावाबद्दल काय लिहायचं? म्हणून हा मजकूर माझ्या कागदावर, माझ्या हाताने लिहिला आहे. वकिलांनी कायद्याची भाषा तपासावी, बाकीच्याला हात लावू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा, आणि आणणाऱ्याचा चेहरा नीट बघून ठेवावा.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, हे माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलीचे, तिचे एकटीचे. तिला मी ठकू म्हणतो, पुढेही तसेच लिहीन. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. धंदा माझाच, माप तेवढं बारीक. घर विकायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे. 'वडिलांची आठवण' असा गळा काढून कोणी तिला अडवू नये. हवेत ओल आली की आतल्या खोलीचं दार खाली घासतं. करतो, करतो म्हणत ते माझ्याकडून राहिलं. जगाची दारं बसवली आणि घरचं घासतंय. दुसरा सुतार बोलावून करून घ्यावं. तो विचारेल, "कोणी बसवलं हो हे?" कोणी का बसवेना, त्याने आपलं काम करावं.

कलम २. बँकेतली ठेव ठकूची. तिचे नाव तिथे आधीच घातलेले आहे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच, त्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही. ज्यांना अचानक नाती आठवतील त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, हातोड्या, गुण्या, ही सगळी तंत्रशाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावीत. मोठा रंधा धरून. पटाशीने डब्याची झाकणं उघडणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी परत करायला लावावी, अशी शिक्षकांना विनंती.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. कारण लिहिलंच पाहिजे असं नाही असं वकील म्हणाले, पण मी लिहिणार. आम्ही दोघे मिळून एका दुमजली घराचा जुना जिना काढून नवा करत होतो. जिना निम्मा झाला, आणि हा पठ्ठ्या एका सकाळी "मला रंगाच्या धंद्यात जायचंय, दादा" म्हणून निघून गेला. निम्मा जिना! वरच्या मजल्यावर त्या घरातली म्हातारी अडकलेली, तिला शिडीवरून उतरवायची वेळ आली. उरलेल्या पायऱ्या मी एकट्याने केल्या. मग रंग सोडून तो पंप विकायला लागला, पंप सोडून आणखी काही. मी त्याचं नावच आरंभशूर ठेवलं. तोंडावर ठेवलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. माझं तत्त्व एकच: हातात घेतलेलं काम मधे सोडायचं नाही. गिऱ्हाईक वाईट असलं, लाकूड वाईट निघालं, मजुरी बुडाली, तरी सोडायचं नाही. सगळ्या पेठेला हे माहीत होतं आणि दुर्दैवाने ठकूलाही माहीत होतं.

कलम ५. वाचायचा लाकडी घोडा. ही वस्तू वकिलांना कळणार नाही, म्हणून थोडं मागून सांगतो.

मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर यायचं. रक्त एका नळीने बाहेर काढायचं, धुवायचं, दुसऱ्या नळीने आत सोडायचं. हे जन्मभर. मी सरळ नाही म्हणालो. मी माणसं बघितली होती त्या खोलीतली. तहान लागली तर पाणी मोजून, ओठ ओले करायला बर्फाचा खडा, आणि घरी आल्यावर अंगात धुतलेल्या फडक्याएवढीही ताकद नाही. म्हणालो, मी जगलो तेवढं पुष्कळ झालं, मला यंत्राला बांधू नका.

ठकू भांडली नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, तुमच्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक द्या. दुकानदाराने विचारलं, विषय कुठला? ही म्हणाली, जाड. मग त्याने एक जुनी, जगात नावाजलेली कादंबरी काढून दिली, कुठल्याशा परक्या भाषेतून आणलेली, तीन भाग. ते तिने माझ्यापुढे मांडून ठेवले.

"बाबा, हातात घेतलेलं काम तुम्ही मधे सोडत नाही ना?"

"नाही सोडत."

"मग हे घ्या. हे वाचून होईपर्यंत यंत्रावर जायचं. संपलं की मग तुमचं तुम्ही ठरवा, मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि सगळंच्या सगळं पंधरा दिवसांत वाचून टाकलं तर?"

"घरी वाचायचं नाही. फक्त यंत्रावर असताना वाचायचं."

आता सुताराची अक्कल बघा. मी पट्टी आणली आणि तिन्ही भागांची जाडी मोजली. लाकडाचा अंदाज मला कधी चुकला नाही. म्हटलं, एवढ्या जाडीचं काम, हिवाळा संपायच्या आत उरकतो. हो म्हणालो, हातावर हात मारला. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ आहे आणि अक्षर मुंगीएवढं आहे, हे मी उघडून पाहिलंच नव्हतं. फळी विकत घेताना मी दोन्ही बाजू बघतो, आणि इथे फक्त कड बघून सौदा केला! हिवाळा संपला, उन्हाळा आला, पहिला भागसुद्धा हलला नाही. ठकूने दुकानातून मला नवा चष्मा करून आणला आणि म्हणाली, "दिसतंय ना नीट? मग सावकाश वाचा."

एका हातात सुया टोचलेल्या, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने ते धोंडं पेलवेना. म्हणून मी खाटेवर बसेल असा उतरता घोडा केला, खाली पानं दाबून ठेवायला पट्टी लावली, म्हणजे एका हाताने पान उलटता येतं. तो घोडा रुग्णालयातच ठेवावा आणि खिडकीजवळच्या खाटेवर जो कोणी असेल त्याला वापरायला द्यावा. वाचायचं नसेल तर त्यावर ताट ठेवावं.

खिडकीजवळची खाट का, तेही सांगतो. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई असायच्या. पहिल्या दिवशी माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाल्या, "अरे वा! थोर कादंबरी आहे." मी म्हणालो, "बाई, नमनाला घडाभर तेल घातलंय याने. यातला गिरणीवाला अजून खुर्चीतून उठायलाच तयार नाही." त्या इतक्या हसल्या की यंत्राची घंटा वाजली. पुढे मला कंटाळा आला की मी मोठ्याने वाचायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. कादंबरीत माणसं इतकी, की कोण कोणाचा मेहुणा ते त्या मला बोटावर मोजून सांगायच्या. दुसरा भाग निम्मा झाला तेव्हा एके दिवशी मी विचारलं, "बाई, शेवट गोड आहे का हो?" सिस्टर लांब गेल्याचं बघून म्हणाल्या, "कोणाला सांगू नका. मीही वाचलेला नाही. कॉलेजात सोडून दिली होती. पुढे सगळ्यांना वाचली म्हणूनच सांगत आले. तुम्ही वाचाल तेव्हा मला ऐकवा."

तिसरा भाग सुरू केला त्या आठवड्यात बाईंच्या खाटेवर एक अनोळखी गृहस्थ होते. चादर बदललेली होती. मी सिस्टरला काही विचारलं नाही, आणि तिनेही माझ्याकडे न बघता माझ्या हाताला पट्टा बांधला. त्या दिवशी मी वाचलं नाही. पुस्तक मिटून घोड्यावर ठेवून दिलं. हे वाचायला हळवं वाटलं तर वाटो.

कलम ६. सदर कादंबरी, भाग तीन. ही ठकूला द्यावी. हे खरं मुख्य कलम आहे, म्हणून वकिलांनी इथे घाई करू नये.

पहिल्या भागात एका पानावर एक सुतार येतो. गिरणीवाल्याच्या घराचं मोठं दार उतरवतो, बिजागऱ्या काढतो, दार भिंतीला टेकवून ठेवतो, आणि तेवढ्यात नदीला पूर आल्याची बोंब होते. सगळे पळतात. सुतारही पळतो. झालं! लेखक त्याला विसरला. पुढे लग्नं झाली, खटले झाले, गिरणी जळाली, गिरणीवाल्याची धाकटी मुलगी परागंदा झाली, माणसं तर पानापानावर मेली. त्या दाराचं काय झालं? घर उघडं टाकून गेला तो माणूस! मला राजा-राणीचं, खटल्याचं काही पडलं नव्हतं. तो परत येतो का, दार बसवतो का, एवढ्यासाठी मी ते दोन हजार पानांचं जंगल तुडवलं.

आता एकच प्रकरण उरलं आहे. त्याच्या आधीच्या प्रकरणाच्या शेवटी धाकटी मुलगी म्हातारी होऊन जुन्या घराच्या वाटेला लागते. म्हणजे शेवटच्या प्रकरणात ती त्या दाराशी पोचणार. समोरच्या पानावर त्या प्रकरणाच्या पहिल्या चार ओळी दिसतात, पण मी त्यांवर हात ठेवला आहे. खूण म्हणून रंध्यातून निघालेला सागाचा पातळ छिलका घातला आहे. तो तसाच असू द्यावा.

कारण दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे शरीराने हात टेकले. यंत्रासाठी जोडून दिलेली एका हाताची शीर बंद पडली, दुसऱ्या हाताची जोडली तीही बंद पडली, मानेतल्या नळीत पू झाला. यंत्र सुरू केलं की रक्तदाब तळाला जातो, डोळ्यांपुढे अंधारी, पायांत गोळे, उलट्या. ठकू मला धरून घरी आणते, रात्रभर उशाशी बसते आणि दुसऱ्या दिवशी तशीच काचा घासायला जाते. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं, "काका, आता यंत्र देतंय त्याहून जास्त घेतंय. थांबतो म्हणालात तर मी अडवणार नाही. पुढचे दिवस त्रास होऊ नये, एवढं मी बघेन." मी म्हणालो, "पुस्तक थोडं उरलंय." ते म्हणाले, "मग वाचून टाका." मीही तेच ठरवलं होतं. शब्दही पाळला जाईल आणि सुटकाही होईल.

दुसरी गोष्ट कपाटात घडली. या मृत्युपत्रासाठी घराचे कागद हवे होते, ते ठकूच्या कपाटात खालच्या कप्प्यात असतात. तिथे तिच्या जुन्या पांघरुणाखाली एक गठ्ठा सापडला. दुकानाचा कागद, वर सुतळी, दुकानदाराने कागदावर पेन्सिलीने दुसऱ्याच एका कादंबरीचं नाव आणि पुढे लिहिलेलं: भाग एक ते पाच. पाच! माझी संपली की पुढे करायला हिने केव्हाच आणून ठेवली होती. माझा तिसरा भाग पातळ होत चाललेला ती रोज बघत होती, आणि "कुठवर आलं, बाबा?" असं हसत विचारत होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. तेव्हा कळलं. माझी पोर मला पुस्तकांच्या आडून धरून ठेवायला बघत होती. पुराच्या पाण्यात जे हाताला लागेल ते धरावं तसं.

मी सुतळी सोडलेली नाही. गठ्ठा होता तसा ठेवला आहे. तो दुकानदाराला परत करावा. पैसे परत देणार नाही म्हणाला तर आवाज चढवू नये, त्याचा काही दोष नाही.

कलम ७. कलम ४ रद्द समजावे. मोठा रंधा तंत्रशाळेला न देता माझ्या धाकट्या भावाला द्यावा, आणि देताना "दादाने दिला" एवढंच म्हणावं. त्या जिन्यावरून मी त्याच्याशी इतकी वर्षं बोललो नाही. आता मी स्वतः काम मधे टाकून चाललो आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही. तो रंधा तो वापरणार नाही, हे मला ठाऊक आहे. घेईल, दोन दिवस मिरवील आणि ठेवून देईल. देऊन टाका.

कलम ८. मला भेटायला येणाऱ्यांनी पाणी मोजू नये. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावे. आज सकाळी मी भांडंभर पाणी एका दमात प्यायलो. या आजारात ते करायचं नसतं, पण थांबायचं ठरवलं आहे ते डॉक्टरांना सांगितलेलं आहे. इतकं गोड पाणी मी बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो. शुद्ध हरपल्यावर मला पुन्हा यंत्रावर नेऊ नये. माझ्या उशाशी बसून कोणीही शेवटचे प्रकरण वाचून दाखवू नये, कितीही चांगल्या मनाने सुचले तरी.

कलम ९. हे कलम ठकूसाठी आहे, वकिलांनी मान फिरवावी.

ठकू, यंत्र थांबवणार हे मी आज तू दुकानातून आलीस की तुला स्वतः सांगणार आहे. कागदावरून कळू देणार नाही. तू ओरडशील, ओरड. मी ऐकून घेईन. "शब्द दिला होतात, बाबा!" म्हणशील. दिला होता. "एक प्रकरण तर राहिलंय!" म्हणशील. हो, एकच. ते का नाही वाचलं, हे मात्र तोंडाने सांगायची माझ्यात धमक नाही, म्हणून इथे लिहितो.

ते मी वाचलं असतं तर सौदा पुरा झाला असता. माझ्या बाजूने चोख, घेतलेलं काम तडीस. आणि तू? तुला मी ओळखतो. तू जन्मभर म्हणत बसली असतीस, की पुस्तक संपलं म्हणून बाबा गेले. मी आणखी जाड का नाही आणलं? तो गठ्ठा आठवड्याआधी का नाही काढला? काचा घासता घासता हेच घासत बसली असतीस. म्हणून मी ते संपवलं नाही. तू आणलेलं पुस्तक पुरून उरलं, ठकू. कमी पडलं ते माझं शरीर, आणि शब्द मोडला तो मी. सगळ्या पेठेत ज्याने कधी काम मधे सोडलं नाही त्या माणसाने तुझं काम मधे सोडलं. याचा तुला भयंकर राग येऊ दे. चार लोकांत मला नावं ठेव. आरंभशूर म्हण. दुःखाने माणूस ताटावरून उठतं. चिडलेलं माणूस निदान जेवतं.

तुला सोडून जायचं मला मुळीच वाटत नाही. हेही लिहून ठेवतो, म्हणजे त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतील.

राग कधीतरी ओसरेल. लगेच नको, भरपूर वेळ घे. मग एखाद्या निवांत दुपारी तिसरा भाग काढ. मागचं काही वाचायची गरज नाही, कंटाळशील. छिलका आहे तिथून उघड, आणि त्या दाराचं काय झालं तेवढं बघ. बसवलं असेल तर बरं. मला फार बघायचं होतं गं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला व समजून उमजून खाली सही केली. सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी.

सही: (लिहून ठेवणार, सुतार)

साक्षीदार पहिले: यंत्रखोलीचे डॉक्टर. हे सही करायला स्वतः घरी आले, फी घेतली नाही. त्यांच्यासमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई. यांनी मजकूर न वाचता सही करायला हवी होती, पण कलम ९ वाचले. डोळे पुसून मग सही केली.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, दाराकडे तोंड करून. ठकूची यायची वेळ झाली आहे.

दिनांक: ज्या गुरुवारी यंत्रावर जायचे होते आणि गेलो नाही, तो.